पडून राहिलेला पैसा आणि त्याचे वारस

मार्च २०२४ अखेर रिझर्व्ह बँकेच्या 'ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधी'त ७८,२१३ कोटी रुपये जमा होते. एक वर्ष आधी हीच रक्कम ६२,२२५ कोटी होती. हा पैसा कर, दंड किंवा देणगी म्हणून आलेला नाही. देशातल्या सामान्य माणसांनी बँकेत ठेवलेला आणि दहा वर्षांत कुणी विचारायला न गेलेला हा पैसा आहे. वर्तमानपत्रे त्याला 'बेवारस ठेवी' म्हणतात. हा शब्द चुकीचा आहे. या पैशाला वारस आहेत. त्यांतल्या बहुतेकांना आपण वारस आहोत याची खबर नाही, आणि ज्यांना खबर आहे त्यांच्यातल्या अनेकांकडे ते सिद्ध करणारे कागद नाहीत.

नागरी हक्कांची चळवळ म्हणून आपण आरक्षण, शिक्षण, तलाक, पोटगी, दंगलीतील नुकसानभरपाई यांवर सातत्याने लिहितो. बँकेच्या पासबुकावर आपण क्वचित लिहितो. पण नागरिक आणि शासन यांचा रोजचा संबंध कागदावरच घडतो. आपले नाव, आपला पत्ता, आपल्या बापाच्या मृत्यूची नोंद, आपल्या बहिणीचा हिस्सा हे सगळे कागदावर असते किंवा नसते. ते नसेल तर संविधानाने दिलेला हक्कही खिडकीपाशी अडतो. म्हणून यावेळचे संपादकीय या विषयावर.

पैसा तिथे पोचतो कसा

बँकिंग नियमन कायदा, १९४९ मध्ये कलम २६-अ घालण्यात आले आणि त्याआधारे २०१४ मध्ये हा निधी सुरू झाला. बचत वा चालू खात्यात दहा वर्षे ग्राहकाने कोणताही व्यवहार केला नाही, किंवा मुदत ठेव मुदत संपल्यावर दहा वर्षे कुणी नेली नाही, तर बँकेने ती रक्कम या निधीकडे पाठवायची असते. पण मालकी बदलत नाही. खातेदार किंवा त्याचा वारस कधीही आला, अगदी वीस-पंचवीस वर्षांनी आला, तरी बँकेने पैसे द्यायचे आणि मग निधीकडून भरून घ्यायचे अशी व्यवस्था आहे. व्याज मिळणारे खाते असेल तर निधीत असतानाच्या काळाचे व्याजही मिळते. मे २०२१ पासून त्याचा दर ३ टक्के ठेवण्यात आला.

म्हणजे 'इतकी वर्षे झाली, आता काय मिळणार' ही समजूत बँक ठेवींच्या बाबतीत खोटी आहे. मात्र सगळीकडे असे नाही. आयुर्विम्याची न नेलेली रक्कम दहा वर्षांनंतर केंद्र सरकारच्या 'ज्येष्ठ नागरिक कल्याण निधी'त जाते आणि तिथे गेल्यापासून पंचवीस वर्षांपर्यंतच दावा करता येतो. त्यानंतर ती सरकारजमा होते. कंपनीच्या शेअरवरचा लाभांश सलग सात वर्षे घेतला नाही तर तो आणि ते शेअरसुद्धा 'गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधी'कडे जातात. तिथून ते परत मागता येतात. भविष्यनिर्वाह निधीचे स्वतंत्र दालन आहे. २०१४ मध्ये एकच कायम खातेक्रमांक देण्याची पद्धत येण्यापूर्वी कामगाराने जितक्या ठिकाणी नोकरी बदलली तितकी खाती उघडली गेली आणि मागची खाती मागेच राहिली.

आपल्या घरांमध्ये असे का घडते याची कारणे ओळखीची आहेत. रत्नागिरी, रायगडच्या गावांतून आखातात गेलेल्या माणसाने तिकडून पैसे पाठवण्यासाठी एक खाते उघडले, परत आल्यावर दुसरे. कुणी मुंबईत नोकरीला असताना तिथल्या शाखेत ठेव ठेवली आणि गावी परतला. घरातल्या बाईला नवऱ्याच्या खात्यांची माहिती नसते, कारण ती विचारणे हा अविश्वास समजला जातो. बाईने स्वतः गुपचूप साठवलेल्या पैशाची माहिती तर तिच्याशिवाय कुणालाच नसते. माणूस गेला की पासबुक पेटीत राहते, पेटी माळ्यावर जाते.

आणखी एक कारण मोकळेपणाने बोलायला हवे. व्याज नको म्हणून अनेक जण खात्याकडे पाठ फिरवतात. व्याज घ्यावे की न घ्यावे हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे आणि तो इथे आम्ही सोडवायला बसलेलो नाही. पण मुद्दल तरी तुमचेच आहे. तुमच्यानंतर ते तुमच्या मुलाबाळांचे आहे. ते सोडून देण्यात कोणतीही धार्मिकता नाही. व्याज ज्यांना नको असेल त्यांना ते वेगळे काढून गरजूच्या औषधाला किंवा शाळेच्या फीला देता येते. खातेच सोडून दिले तर मुद्दल आणि व्याज दोन्ही त्या निधीत जाऊन पडतात.

शोधायचे कसे

१७ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने 'उद्गम' हे संकेतस्थळ सुरू केले. आधी सात बँकांची माहिती होती. मार्च २०२४ पर्यंत तीस बँका आल्या आणि त्यांत मिळून निधीतील सुमारे ९० टक्के रक्कम येते. मोबाइल क्रमांक देऊन नोंदणी करायची. खातेदाराचे नाव आणि बँक भरायची, त्यासोबत पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट क्रमांक किंवा जन्मतारीख यांपैकी एक तपशील द्यायचा. यातले काही नसेल तर पत्ता देऊन शोधता येते. मयत व्यक्तीच्या नावानेही शोधता येते. नाव जुळले तर बँक आणि एक संदर्भ क्रमांक दिसतो. तो घेऊन बँकेत जायचे. संकेतस्थळावरून पैसे मिळत नाहीत. पैसे बँकच देते.

तीस बँकांच्या बाहेर असलेल्या लहान बँका, विशेषतः नागरी सहकारी बँका, इथे दिसणार नाहीत. अशा बँकांनी न नेलेल्या ठेवींची यादी स्वतःच्या संकेतस्थळावर लावायची असते. तिथे पाहावे, आणि संकेतस्थळ नसेल तर शाखेत जाऊन लेखी विचारावे. विम्यासाठी प्रत्येक विमा कंपनीच्या संकेतस्थळावर शोधाची सोय असते, आणि विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवरूनही तिथवर जाता येते. म्युच्युअल फंडासाठी 'मित्र' ही सोय २०२५ मध्ये सुरू झाली. या सगळ्याला एक रुपयाही शुल्क नाही.

ज्यांनी काही वर्षे अमेरिकेत काढली आहेत, किंवा ज्यांची मुले तिकडे आहेत, त्यांनी तिथलेही पाहावे. तिथे न नेलेला पगाराचा शेवटचा धनादेश, घरभाड्याची अनामत, बँकेतली शिल्लक हे सारे त्या-त्या राज्याच्या सरकारकडे जमा होते आणि प्रत्येक राज्याचे शोधाचे स्वतंत्र पान असते. जिथे जिथे राहिलो त्या प्रत्येक राज्यात शोधावे लागते. तेही मोफतच.

नावाचा घोळ

इथे आपली अडचण इतरांपेक्षा जास्त आहे. संगणक अक्षरे जुळवतो, माणूस ओळखत नाही. 'शेख' हे आडनाव इंग्रजीत निदान चार प्रकारे लिहिले जाते. 'मोहम्मद' कुठे पूर्ण, कुठे तीन अक्षरांत, कुठे दोनच अक्षरांत. 'सय्यद', 'कुरेशी', 'हुसेन', 'अब्दुल' यांची गत तीच. कारकुनाने जे ऐकले ते लिहिले, ते ज्याच्या पासबुकात गेले त्याने ते वाचले नाही. अनेकांचे आडनाव शाळेच्या दाखल्यावर एक आणि रेशनकार्डावर दुसरे असते, कारण एका ठिकाणी बापाचे नाव हेच आडनाव म्हणून लागले आणि दुसऱ्या ठिकाणी जमातीचे किंवा गावाचे.

बायकांच्या बाबतीत तर नाव दोनदा-तीनदा बदलते. माहेरी बापाचे नाव, सासरी नवऱ्याचे. नावापुढे 'बी', 'बानू', 'बेगम' किंवा 'खातून' कधी लागते, कधी गळते. तलाक झाला, दुसरे लग्न झाले तर आणखी एक नाव. तीस वर्षांपूर्वी माहेरच्या नावाने उघडलेले खाते तिच्या आजच्या आधार कार्डाशी कोणता संगणक जुळवणार?

म्हणून शोधताना एका नावावर थांबू नये. घरातल्या जुन्या कागदांवर जितक्या तऱ्हेने नाव लिहिलेले सापडेल तितक्या तऱ्हेने ते भरून पाहावे: आडनावासकट, आडनावाशिवाय, बापाचे नाव मधे घालून, न घालता. खाते सापडले आणि नावात फरक असेल तर 'ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत' असे शपथपत्र आणि दोन्ही नावे जोडणारा एखादा जुना कागद, जसे की शाळेचा दाखला, निकाहनामा, रेशनकार्ड, बँकेला द्यावा लागतो. हयात माणसाने आपले नाव सर्व कागदांवर एकसारखे करून घ्यावे. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावातील बदल प्रसिद्ध करण्याची रीतसर सोय आहे. हे काम कटकटीचे आहे, पण ते आज केले नाही तर उद्या मुलांना न्यायालयात करावे लागते.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

पैसा सापडला की खरा प्रश्न सुरू होतो: तो कुणाचा? बहुतेक घरांत उत्तर तयार असते: ज्याचे नाव नॉमिनी म्हणून लागले आहे त्याचा. आणि ते नाव बहुधा थोरल्या मुलाचे असते.

कायदा असे म्हणत नाही. सरबती देवी खटल्यात डिसेंबर १९८३ मध्ये आणि शक्ती येझदानी खटल्यात डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा असतो. वारसा हक्क त्याने संपत नाही. पहिला खटला विम्याचा होता, दुसरा शेअरचा. विम्यात २०१५ नंतर फरक झाला आहे: नवरा, बायको, आईवडील किंवा मुले नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांचीच समजली जाते. पण बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी बाकीच्या वारसांच्या वतीने पैसे घेतो आणि त्यांचा हिस्सा त्यांना देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. आपल्याकडे अमानत हा शब्द लहान मुलालाही कळतो. नॉमिनीच्या हातातला पैसा ही अमानत आहे.

मृत्युपत्र न करता गेलेल्या मुसलमानाच्या पैशाची वाटणी १९३७ च्या शरियत कायद्यानुसार होते. सुन्नी कायद्यात मुले असलेल्या विधवेला एक अष्टमांश, मुले नसतील तर एक चतुर्थांश, मुले असलेल्या मयताच्या आईला एक षष्ठांश, आणि मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा मिळतो. ज्यांनी विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न केले त्यांच्या मालमत्तेला मात्र भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो आणि तिथे मुलगा-मुलगी समान आहेत. मुलीचा हिस्सा निम्मा का असावा, हा प्रश्न आपण विचारत आलो आहोत आणि विचारत राहू. पण आजची वस्तुस्थिती त्याही मागची आहे. जो निम्मा हिस्सा धर्मही मान्य करतो आणि कायदाही, तोसुद्धा मुलीच्या हातात पडत नाही. शरियतमध्ये ढवळाढवळ नको म्हणून सभा घेणारी मंडळी बहिणीच्या हिश्शाची वेळ आली की 'आपल्याकडे अशी पद्धत नाही' असे म्हणतात. ही पद्धत शरियतची नाही, संविधानाची तर नाहीच.

बापाची विसरलेली ठेव पंधरा वर्षांनी सापडते तेव्हा हेच घडते. बँक सगळ्या वारसांच्या सह्या मागते. मग बहिणीला फोन जातो: 'एक सही करून जा, बँकेचे काम आहे.' ती ज्या कागदावर सही करते तो बहुतेक वेळा हक्क सोडल्याचा किंवा एकट्या भावाला रक्कम देण्यास हरकत नसल्याचा असतो. आमचे भगिनींना स्पष्ट सांगणे आहे की न वाचता सही करू नका. हक्क सोडायचा असेल तर जाणूनबुजून सोडा. माहेर तुटेल या भीतीने सोडू नका. आणि भावांना सांगणे आहे की बहिणीला सहीसाठी बोलवाल तेव्हा रक्कम किती, हिस्सा किती, हे आधी सांगा.

कागद कोणते

सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने मयत ग्राहकांच्या दाव्यांबाबत सर्व बँकांना एकसारखे नियम घालून दिले. खात्याला नॉमिनी असेल तर दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीची ओळख एवढे पुरते. न्यायालयाचा दाखला मागता येत नाही. नॉमिनी नसेल आणि रक्कम १५ लाखांपर्यंत (सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत) असेल, तर वारसांची माहिती, हमीपत्र आणि इतर वारसांची संमती यावर काम व्हायला हवे. कागद पूर्ण झाल्यापासून पंधरा दिवसांत दावा निकाली काढायचा आहे. शाखेत 'कोर्टातून आणा' असे तोंडी सांगितले तर ते लेखी मागावे. बँकेने तीस दिवसांत तक्रारीचे समाधान केले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तीही मोफत.

रक्कम मोठी असेल किंवा वारसांत वाद असेल तर वारसा कायद्याखालचा दाखला दिवाणी न्यायालयातून घ्यावा लागतो. महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई विनियम क्रमांक ८ खालीही वारस प्रमाणपत्र मिळते. वकिलाचा खर्च कसा करायचा, हा प्रश्न येतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधी सेवा मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्याचे कार्यालय असते. ही गोष्ट प्रत्येक मोहल्ल्यात मोठ्या अक्षरांत लिहून लावण्यासारखी आहे.

सगळ्यात जास्त अडते ते मृत्यूच्या दाखल्यापाशी. आपल्याकडे दफन लवकर होते, आणि जुन्या काळी नोंद करायचे राहून जायचे. एक वर्षानंतर नोंद करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. अशा वेळी कब्रस्तानच्या नोंदवहीतला उतारा उपयोगी पुरावा ठरतो. दाखल्याची जागा तो घेत नाही, पण दाखला मिळवण्यास मदत करतो. किती कब्रस्तान कमिट्यांनी वीस वर्षांपूर्वीच्या वह्या जपून ठेवल्या आहेत? त्या वाळवीने खाण्याआधी त्यांची छायाचित्रे काढून ठेवणे हे एका रविवारचे काम आहे.

राज्य सरकारकडे अडकलेला मोबदला

बँकेपेक्षा वेगळा, पण याच जातीचा एक प्रश्न जमिनीचा आहे. रस्ता, धरण, कालवा किंवा प्रकल्पासाठी जमीन घेतली जाते, मोबदला ठरतो, आणि वारसांत वाद असेल किंवा कुणी घ्यायलाच आले नाही तर रक्कम प्राधिकरणाकडे जमा केली जाते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे कलम ७७ हेच सांगते. त्याआधी १८९४ च्या कायद्याखाली ती न्यायालयात जमा होत असे. हा पैसाही वर्षानुवर्षे पडून राहतो.

सातबारावर आजोबांचेच नाव राहिले असेल तर नोटीस मयताच्या नावाने निघते. फक्त भावांची नावे चढली असतील तर बहिणींना संपादन झाल्याचे कळतही नाही. शहरात गेलेल्या, लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या वारसांनी आपल्या गावच्या तलाठ्याकडे, आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, आणि भूसंपादन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गटक्रमांक देऊन चौकशी करावी. माहिती अधिकाराचा अर्ज करून आपल्या गटाचा निवाडा कधी झाला, मोबदला किती, कुणाला दिला, किती जमा आहे, एवढे चार प्रश्न विचारता येतात. वारस नोंदीसाठी 'ई-हक्क' प्रणालीवर घरबसल्या अर्ज करण्याची सोयही आहे. ती करताना सर्व वारसांची, म्हणजे मुलींचीही, नावे द्यावीत.

सरकारने काय करावे

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने 'आपकी पूंजी, आपका अधिकार' ही तीन महिन्यांची मोहीम काढली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिरे घेतली. २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने '१०० दिवस १०० पेमेंट' मोहीम घेऊन प्रत्येक जिल्ह्यातल्या प्रत्येक बँकेच्या सर्वात मोठ्या शंभर ठेवींचे मालक शोधायला सांगितले. दोन्ही उपक्रम स्वागतार्ह आहेत. पण दुसऱ्या मोहिमेचा भर मोठ्या ठेवींवर होता, आणि खरी गर्दी लहान ठेवींची आहे.

आकडा बघा. फेब्रुवारी २०२३ पर्यंत सरकारी बँकांनी निधीकडे पाठवलेली रक्कम ३५,०१२ कोटी होती आणि खाती १० कोटी २४ लाख. म्हणजे एका खात्यामागे सरासरी सुमारे ३,४०० रुपये. सरकारकडे आपले लाखो रुपये दडले आहेत अशा भ्रमात कुणी राहू नये. बहुतेकांच्या वाट्याला काही हजार येतील, कित्येकांना काहीच सापडणार नाही. पण हेच हजार-दोन हजार मिळवायला शपथपत्र, मुद्रांक, दोन दिवसांची बुडालेली मजुरी आणि चार हेलपाटे लागणार असतील तर गरिबाने ते सोडून देणे साहजिक आहे. लहान खात्यांचे पैसे पडून राहतात ते यामुळे. दोष त्याच्या आळसाचा नाही.

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्याने २०२४ मध्ये कायदा केला आणि ५०० डॉलरपर्यंतच्या रकमा, मालक एकटाच असेल तर, अर्जाची वाट न पाहता थेट पाठवायला सुरुवात केली. सरकारकडे नागरिकाचा पत्ता कराच्या कागदांवरून असतोच. तो कर मागताना वापरला जातो, मग देणे देताना का नको, एवढा साधा विचार त्यामागे आहे. आपल्याकडे आधार आहे, पॅन आहे, बँक खात्यांना जोडलेले मोबाइल आहेत. आपल्याकडून येणे असेल तर शासन आपल्याला घरात येऊन शोधते. देणे असेल तेव्हा मात्र शोधण्याची जबाबदारी आपल्यावर.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. जुन्या खात्यांचे मालक शोधण्याचे काम बँकांनी आणि सरकारने स्वतः करावे, मोहिमेपुरते नव्हे तर कायम. दहा हजारांपर्यंतच्या दाव्यांना ओळखपत्र आणि साधे स्वघोषणापत्र पुरेसे मानावे. शोधाची सोय मराठी आणि उर्दू लिपीत असावी, आणि नावाच्या जवळच्या रूपांचाही शोध त्यात व्हावा. दर जिल्ह्यात किती दावे आले, किती नाकारले आणि का, हे दरवर्षी जाहीर करावे. आणि महाराष्ट्र सरकारने पतसंस्थांकडे लक्ष द्यावे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत, त्यांच्या ठेवींना बँकांसारखे पाच लाखांचे विमासंरक्षण नाही. त्या राज्याच्या सहकार खात्याखाली येतात. रोज दहा-वीस रुपये पिग्मी एजंटाकडे देणारी बाई तिथेच पैसे ठेवते. तिथल्या न नेलेल्या ठेवींची एकत्र यादी आणि जमा मोबदल्याची तालुकावार यादी प्रसिद्ध करणे राज्य सरकारच्या हातात आहे.

आपण काय करावे

सरकार करेल तेव्हा करेल. दरम्यान या कामात दलालांचा सुळसुळाट होईल. 'तुमच्या वडिलांचे पैसे सापडलेत' असा फोन येईल, ओटीपी मागितला जाईल, आधी 'प्रोसेसिंग फी' भरायला सांगतील. कोणतीही बँक किंवा सरकारी कार्यालय दावा देण्यासाठी फोनवर ओटीपी वा आगाऊ पैसे मागत नाही. टक्केवारीवर काम करून देणारे भेटतील, त्यांच्या हातात मूळ कागद कधीही देऊ नयेत.

दलालाची जागा आपणच भरायला हवी. मोहल्ल्यातले वाचनालय, शाळेची इमारत, मशिदीलगतचा हॉल, महिला मंडळाची खोली, यांपैकी जे मिळेल तिथे महिन्यातून एक दिवस दोन-तीन कॉलेजची मुले-मुली मोबाइल घेऊन बसली तरी पुष्कळ होईल. म्हाताऱ्या माणसाला नाव विचारायचे, त्याची सगळी रूपे लिहून घ्यायची, शोधायचे, सापडले तर कोणते कागद लागतील ते एका चिठ्ठीवर लिहून द्यायचे. ओटीपी ज्याचा त्याने स्वतः भरायचा आणि कुणाचा पासवर्ड आपल्याकडे ठेवायचा नाही, एवढी शिस्त पाळावी. मुलींना या कामात पुढे ठेवावे, कारण आपल्या खात्याबद्दल बाई बाईशीच मोकळी बोलेल. आणि ही खिडकी फक्त मुसलमानांसाठी नसावी. शेजारच्या वस्तीतल्या विधवेची अडचण अगदी हीच आहे.

घरातही थोडे काम आहे. प्रत्येक कर्त्या माणसाने एका कागदावर आपली खाती, ठेवी, विमा, भविष्यनिर्वाह निधी आणि देणी लिहून ठेवावीत आणि तो कागद कुठे आहे हे बायकोला आणि मुलीलाही सांगावे. देणी लिहिणे विसरू नये. त्यांत न दिलेला मेहरही येतो, आणि तो फेडल्याशिवाय वारसांची वाटणी होत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. थोरल्या मुलाच्या नावाखाली बायकोचे आणि मुलीचे नाव घालायला आता नियमाची अडचण उरलेली नाही. खात्यात दोन वर्षांतून एकदा तरी स्वतः शंभर रुपये भरले तरी ते जिवंत राहते.

वाचकांना विनंती आहे की हा अंक वाचून झाल्यावर घरातल्या सर्वात वयस्कर व्यक्तीजवळ बसावे, तिचे पूर्ण नाव आणि जुने पत्ते विचारावेत, आणि शोध घ्यावा. काही सापडले तर सर्वात आधी बहिणींना कळवावे. कुठल्या शाखेने, कुठल्या कार्यालयाने अडवले तर कागदासह आम्हाला लिहावे. लोकपालाकडे तक्रार कशी करायची, माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा, यात आपले कार्यकर्ते मदत करतील.